निवेदनापुढचं काम

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी सांगलीजवळ राहते. वय ३६. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क आहे. आम्ही आसपासच्या दिव्यांगांनी मिळून एक गट केला आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांना आम्ही निवेदनं दिली. सगळीकडे चहा झाला, फोटो निघाले, 'बघू या' म्हणाले. एका मालकांनी दोघांना कामावर घेतलं, म्हणजे दर महिन्याला खात्यावर पैसे टाकतात आणि सांगतात, घरीच थांबा, उगाच हाल नकोत. एका कर्णबधिर मुलाला पॅकिंगला लावलं, तो महिनाभरही टिकला नाही. आता तिथले मॅनेजर म्हणतात, तुमची पोरं टिकत नाहीत. एका मुलाची आई म्हणते, नोकरी लागली म्हणून निराधारचं अनुदान बंद झालं आणि मग नोकरीही गेली तर आम्ही काय करायचं? घरचे मला म्हणतात, तुला नोकरी आहे, तुला कशाला हे उद्योग? आमचं कुठे चुकतंय? हे काम मी करत राहू की सोडू?

ता. क. ऑफिसरच्या प्रमोशनसाठी अर्ज मागवले होते. मॅनेजर म्हणाले, बदली झाली तर शाखा वरच्या मजल्यावर असू शकते, तुम्हीच विचार करा. मी अर्ज केला नाही."

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काम सोडू नका. पद्धत मात्र बदलावी लागेल. ती कशी ते सविस्तर लिहितो, कारण अशी पत्रं मला लातूरहून येतात, नाशिकहून येतात, आणि सगळ्यांचं घोडं त्याच ठिकाणी अडलेलं असतं.

निवेदनाची प्रत जोडलीत ते बरं केलंत. "आपल्या कंपनीत दिव्यांग बांधवांना रोजगाराची संधी उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती." हे वाचून कुठलाही मालक नाही म्हणणार नाही. पण त्यानं हो तरी कशाला म्हणायचं? कोण, कुठल्या कामावर, कुठल्या शिफ्टला, किती पगारावर, यातलं काहीच त्यात नाही. मग त्याला जे जमण्यासारखं आहे ते तो करतो. चहा मागवतो, फोटो काढू देतो. वर्गणीचं पावतीपुस्तक समोर आलं की माणूस जसा वागतो तसा तो वागतो, कारण आपण त्याच्यापुढे तसंच काहीतरी ठेवलेलं असतं.

पुढच्या वेळी जाताना फाइलमध्ये कायद्यातला नेमका मुद्दा असू द्या, आणि त्याच्याखाली एका माणसाचं नाव आणि एका जागेचं नाव.

कायद्याचं आधी सांगतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेनं, खासगी कारखान्यानंसुद्धा, समान संधी धोरण तयार करायचं आहे आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची आहे. २०१७ च्या नियमांतला आठवा नियम आणखी पुढे जातो. ज्या खासगी आस्थापनेत २० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांची यादी हवी, निवड कशी होणार ते हवं, सोयीसुविधा काय देणार ते हवं आणि या सगळ्याकडे पाहणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हवी. धोरण शक्यतो वेबसाइटवर, नाहीतर आवारात सर्वांना दिसेल अशा जागी लावायचं आहे. तुम्ही ज्या कारखान्यांत गेलात त्यातल्या बहुतेकांकडे वीसपेक्षा जास्त माणसं असणार. त्यांना एवढंच विचारा: तुमचं समान संधी धोरण पाहायला मिळेल का? बऱ्याच ठिकाणी एचआरवाल्यांना त्याची माहितीच नसते. तिथे भांडू नका. नियमाची प्रत पुढे ठेवा आणि म्हणा, हे करायला आम्ही मदत करतो, पदांची यादी आपण बरोबर बसून करू. ती यादी करायला बसलात की तुम्ही गेटवरून थेट शॉप फ्लोअरवर पोचता. दंडाची तरतूद आहेच. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाखांपर्यंत. पण ते कलम पहिल्या भेटीत काढायचं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या पत्रालाही उत्तर आलं नाही तर काढायचं, आणि मग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला त्याची प्रत द्यायची.

आणि जे कायद्यात नाही ते मागू नका. खासगी कंपन्यांत पाच टक्के आरक्षण आहे असं सांगणारे पुढारी तुम्हाला भेटले असतील. तसं नाही. आरक्षण सरकारी आस्थापनांत आहे आणि ते चार टक्के आहे. पाच टक्क्यांचा उल्लेख कलम ३५ मध्ये येतो, तोही खासगी मालकांना सरकारनं द्यायच्या प्रोत्साहनाच्या संदर्भात. आपण चुकीचं कलम सांगितलं की समोरचा एचआर मनातून निश्चिंत होतो आणि आपलं खरं कलमही त्याच्या कानांवरून जातं.

तुमच्या फाइलमधला हा कागद फुकट मिळालेला नाही, हे तुमच्या गटातल्या तरुण मुलांना जरूर सांगा. १९९५ च्या डिसेंबरात संसदेचं अधिवेशन संपत आलं होतं आणि दिव्यांगांचा कायदा मागे पडण्याची चिन्हं होती, तेव्हा देशभरातून आलेली माणसं व्हीलचेअर, कुबड्या, पांढऱ्या काठ्या घेऊन दिल्लीत रस्त्यावर उतरली. त्यात पुढे होते जावेद आबिदी, स्वतः व्हीलचेअर वापरणारे. कायदा त्याच अधिवेशनात मंजूर झाला. पुढे दिव्यांगांच्या रोजगारासाठीच काम करणारी एनसीपीईडीपी ही संस्था त्यांनी दीर्घकाळ चालवली. मात्र त्या पहिल्या कायद्यानं खासगी क्षेत्राला जवळजवळ हातच लावला नव्हता. तिथे दार थोडं किलकिलं व्हायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. आबिदी २०१८ मध्ये गेले. त्यांचा कायम एक आग्रह असे: आमच्याविषयीचा निर्णय आमच्याशिवाय नको. तुमच्यासाठी याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्या मुलासाठी जागा मागायची तो मुलगा त्या बैठकीत बसलेला हवा, आणि त्याच्या कामाबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारले गेले पाहिजेत. तुमच्याकडे बघून "याला जमेल का?" असं कोणी विचारलं, की तुम्ही त्याच्याकडे बघायचं.

आता त्या टिकला नाही म्हणतात त्या मुलाबद्दल. त्याला कोणी विचारलं का, का सोडलंस म्हणून? तुमच्या पत्रात ते नाही. मॅनेजरचं म्हणणं आहे, मुलाचं नाही. आधी त्याला भेटा. त्याच्या मूकबधिर शाळेतले एखादे शिक्षक किंवा खुणांची भाषा जाणणारं कोणी बरोबर घ्या. घरच्यांना दुभाषी करू नका. घरचे बरेचदा त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या काळजीसकट सांगतात.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एक कर्णबधिर तरुण पॅकिंगला होता. हात जलद होता. बॉक्सची घडी उघडायची, तळाला टेप मारायची, आत बारा पाकिटं बसवायची, बॅच नंबरचं लेबल लावायचं, वजनकाट्यावर ठेवून पुढे ढकलायचं. दुसऱ्या दिवसापासून तो इतरांच्या बरोबरीनं काम करत होता. तिथे आठवड्याच्या शिफ्टचा बदल सुपरवायझर लाइनच्या टोकाला उभा राहून ओरडून सांगायचा. सगळ्यांनी ऐकलं, यानं नाही. सोमवारी हा सकाळी सहाला येऊन गेटवर उभा, आणि त्याची शिफ्ट दुपारी दोनची. वॉचमननं हातवारे करून परत पाठवलं. तो घरी गेला, त्याला वाटलं कामावरून काढलं. पगारातून खाडा कापला गेला. का कापला हेही त्याला कोणी सांगितलं नाही. पुन्हा एकदा तसंच झालं आणि त्यानं येणं बंद केलं. सुपरवायझर मला म्हणाला, "सांगितलं होतं की मी सगळ्यांना." खरंच सांगितलं होतं.

तिथे लागलं काय? हजेरीच्या मशीनशेजारी एक फळा, त्यावर नाव आणि शिफ्टची वेळ. जेवणाच्या सुट्टीत याच्याबरोबर बसेल असा एक सहकारी. फोर्कलिफ्ट मागे येताना भोंग्याबरोबर फिरणारा दिवा. आणि सुपरवायझरला येतील अशा मोजक्या खुणा: शिफ्ट, सुट्टी, उद्या, पगार, थांब, धोका. दिल्लीच्या इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटरनं भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा कोश केला आहे, त्यातून या सहज शिकता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. "व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतो की आम्ही" असं कारखान्यातले लोक म्हणतील. अनेक कर्णबधिर मुलांना लांबलचक मराठी वाक्य वाचून चटकन कळत नाही, कारण त्यांची भाषा हातांची आहे आणि मराठी ते शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलेले असतात. त्यांच्या बुद्धीचा यात काही संबंध नाही. म्हणून मेसेज दोन शब्दांचा असावा, आकडा ठळक असावा, जमलं तर खुणांचा छोटा व्हिडिओ असावा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे दुभाषांचं प्रशिक्षण चालतं. पहिल्या आठवड्यापुरता दुभाषा कुठे मिळेल याची चौकशी तिथे करा.

कायद्यात याला वाजवी सुविधा म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हा मुद्दा फार नीट मांडला. हाताच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, त्याचं हे प्रकरण. न्यायालय म्हणालं की सुविधा त्या त्या व्यक्तीची गरज पाहून, तिच्याशी बोलून ठरवायची असते. सगळ्यांना एकच माप लावायचं नसतं. तुमच्या मॅनेजरांकडे जाल तेव्हा "तुमची पोरं टिकत नाहीत" या वाक्याला उत्तर म्हणून त्या मुलाला बरोबर घेऊन जा, आणि ज्या तीन-चार गोष्टी अडल्या त्या कागदावर लिहून न्या. त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत हे त्यांना त्या कागदावरच दिसेल.

इथून पुढे कुणालाही कामावर पाठवण्याआधी ती जागा तुमच्यापैकी कोणीतरी स्वतः पाहून या. शक्य असेल तर अख्खी शिफ्ट थांबा. तुमच्या भागात बेदाण्याची शेड आहेत, हळदीचे कारखाने आहेत, फाउंड्री आहेत. प्रत्येक ठिकाणी कामाचे तुकडे पाडून बघा. उभ्यानं होणारं काम उंच स्टुलावर बसून होतं का? वजन उचलायचं काम रोज आहे की आठवड्यातून एकदा, आणि तेवढ्यापुरतं दुसरं कोणी करू शकेल का? स्टोअरमधली नोंद संगणकावर असेल तर अंध व्यक्तीला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालेल का? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, पण कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला साथ देतं की नाही हे तिथे बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. एसटी स्टँडपासून कंपनीच्या गेटपर्यंत माणूस कसा जाणार? कंपनीच्या बसची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे? आणि स्वच्छतागृह. हे आवर्जून पाहा. दाराशी नवा कोरा रॅम्प आणि आत स्वच्छतागृहाचं दार इतकं अरुंद की व्हीलचेअर जाणारच नाही, असं मी पाहिलं आहे. तिथे काम करणारी मुलगी सकाळपासून पाणी पीत नव्हती. संध्याकाळी घरी जाऊन पहिला पेला प्यायची. कुठल्याही अहवालात हे येत नाही, विचारल्याशिवाय तीही सांगणार नाही, आणि तुमच्याशिवाय तिला कोणी विचारणार नाही.

अमुक व्यंगाला अमुकच काम, ही सवय मात्र लावून घेऊ नका. अंध म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, असं आपल्याकडे कितीतरी वर्षं चाललं. कार्यालयांतले टेलिफोन बोर्ड गेले आणि त्या जागाही आटल्या. मुंबईत ध्रुव लाक्रा यांनी २००९ मध्ये मिरॅकल कुरिअर्स सुरू केली, तिथे पाकिटं पोचवणारे सगळे कर्णबधिर. पत्ता वाचायचा, रस्ता लक्षात ठेवायचा, सही घ्यायची, यात ऐकण्यावाचून अडण्यासारखं फारसं काही नव्हतं. मला त्यात आवडतं ते हे, की त्यांनी कामाकडे नीट पाहिलं. त्यावरून कर्णबधिर म्हणजे कुरिअर असा निष्कर्ष काढला तर आपण पुन्हा जुन्याच खड्ड्यात.

आणखी एका माणसाला विसरू नका: लेबर कॉन्ट्रॅक्टर. तुम्ही एचआरला भेटता, तो खरोखर मनापासून हो म्हणतो, पण हेल्पर, पॅकिंग, हाउसकीपिंग या जागांवर माणसं भरतो ठेकेदार. त्याला तुमच्या धोरणाशी देणंघेणं नसतं, त्याला उद्या सकाळी पंधरा माणसं उभी करायची असतात. म्हणून बैठकीत ठेकेदाराला बोलवा असा आग्रह धरा, आणि कंपनीनं त्याला लेखी कळवावं असं सांगा. ही एक पायरी सुटली म्हणून किती ठिकाणी सगळं मुसळ केरात गेलं, ते मी पाहिलं आहे.

आता घरी बसून पगार. इथे माझं मत ठाम आहे: हे थांबवा. मालकांच्या मनात दया असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या दोघांना कामाचा अनुभव मिळत नाही, पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काही मिळत नाही, दिवस घराच्या चार भिंतींत जातो, आणि कंपनीच्या नोंदीत मात्र दोन दिव्यांग कर्मचारी दिसतात. उद्या मालक बदलला की पैसे बंद. त्यातून एमआयडीसीभर संदेश जातो तो असा, की यांना काम देण्यापेक्षा पैसे देणं सोपं. पण थांबवा म्हणजे त्या दोघांच्या तोंडचा घास काढा असं नाही. त्यांच्या घरात ते पैसे लागतात. त्यांना दोष तर अजिबात देऊ नका. त्या दोघांना घेऊन मालकांकडे जा आणि म्हणा, साहेब, आता यांना कामावर बोलवा. सुरुवातीला अर्धी शिफ्ट, आठवड्यातून तीन दिवस चालेल, पण हजेरी मशीनवर लागली पाहिजे. मालकांनी खरोखर चांगल्या मनानं केलं असेल तर ते ऐकतील.

त्या आईचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. बऱ्याच बैठकांत अशा आयांना मागासलेल्या विचारांच्या ठरवतात, तसं करू नका. त्यांचा हिशोब पक्का आहे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान थोडं असलं तरी दर महिन्याचं आहे. ते एकदा बंद झालं तर पुन्हा सुरू करायला दाखले, तलाठी, तहसील, समितीची बैठक, आणि त्या सगळ्या खेपांना रिक्षाचं भाडं. त्यासमोर आपण काय ठेवतो? ठेकेदाराकडची नोकरी, जी तीन आठवड्यांत जाऊ शकते. मग तिनं का धोका पत्करावा? म्हणून तुमच्या गटानं ठरवून टाका की नेमणुकीचं पत्र, किमान वेतन, पीएफ आणि जिथे लागू असेल तिथे ईएसआय, एवढं असल्याशिवाय आपण कुणाला पाठवणार नाही. तहसीलदार कार्यालयाकडून उत्पन्नाची आजची मर्यादा आणि नोकरी सुटल्यावर पुन्हा अर्ज करण्याची पद्धत लेखी घ्या. तो कागद हातात घेऊन तिच्या घरी जा. त्यानंतरही ती नको म्हणाली तर तिचा निर्णय माना, आणि मुलाला काय वाटतं हे त्याला वेगळं विचारा. तो मोठा आहे.

तुमच्या गटात बायका किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यातले साधारण ३६ टक्के काही ना काही काम करत होते. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के, बायकांत २३. बैठकीला न येणाऱ्या मुलींची घरं तुम्हाला शोधत जावं लागेल. तुम्ही कॅलिपर घालून, बँकेचं ओळखपत्र गळ्यात अडकवून एखाद्या घराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिलात, तर तुमच्या तोंडून एक शब्द निघण्याआधीच त्या मुलीच्या वडिलांना काहीतरी दिसेल. ते मी जाऊन होणार नाही.

सरकारी बाजू थोडक्यात. जिल्हा परिषद, महापालिका, शासकीय महाविद्यालयं यांच्याकडे माहिती अधिकारात बिंदुनामावली मागा: दिव्यांगांसाठी राखीव पदं किती, भरली किती, अनुशेष किती. चार टक्क्यांची वाटणी अशी: एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, एक कर्णबधिर, एक अस्थिव्यंग वगैरे गट, आणि चौथ्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता. हा चौथा टक्का बहुतेक ठिकाणी रिकामा असतो आणि त्याबद्दल विचारायलाही कोणी जात नाही. पद भरलं नाही तर ते पुढच्या वर्षी न्यावं लागतं, लगेच संपत नाही. हे काम तुमच्या गटातल्या चिवट आणि कागदपत्रांत रमणाऱ्या एखाद्या माणसाकडे सोपवा. सगळं तुम्ही एकटीनं करायचं नाही.

घरचे विचारतात, तुला नोकरी असताना हे कशाला. तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात याचं उत्तर आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक केंद्रीय उत्पादनशुल्क खात्यात नोकरी करत होत्या, व्हीलचेअरवर. ती नोकरी सांभाळून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा कारखाना काढला, जिथे काम करणारे दिव्यांगच. वेगळा कारखाना काढावा की सर्वसाधारण कारखान्यांत जागा मागाव्यात यावर आपल्या चळवळीत खूप वाद आहेत. जिथे आसपास उद्योगच नाहीत तिथे आपला कारखाना काढणं मला बरोबर वाटतं. तुमच्या दारात एमआयडीसी आहे, तेव्हा तुम्ही आत जायचा आग्रह धरावा. पण नसीमाताईंना एकदा भेटून या, घरच्यांपैकी कुणाला तरी बरोबर घेऊन.

आता तुमचा ताजा कलम. पत्राच्या तळाशी, घाईत लिहिल्यासारखा. मला तो सगळ्यात आधी वाचावासा वाटला.

राष्ट्रीयीकृत बँक ही सरकारी आस्थापना आहे. कायद्याचं कलम २० तिला थेट लागू होतं, आणि केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तुमच्या मॅनेजरांनी बढती नाकारली नाही हे खरं. त्यांनी ती तुमच्याकडूनच नाकारून घेतली, बहुधा काळजीपोटीच. प्रांजल पाटील हे नाव तुम्हाला माहीत असेल, उल्हासनगरच्या. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत नाव लागलं, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेनं घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्या पुन्हा बसल्या, १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या. रेल्वेला नकार तरी स्वतःच्या नावावर द्यावा लागला. तुमच्या बँकेला तेवढंही करावं लागलं नाही.

शाखा वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट किंवा तळमजल्यावरची शाखा देणं हा बँकेचा प्रश्न आहे. बदली आणि नेमणुकीत प्राधान्य हा तर मघाशी सांगितलेल्या आठव्या नियमातच बसणारा विषय. तुमच्या बँकेचं समान संधी धोरण काढा आणि वाचा. त्यात संपर्क अधिकाऱ्याचं नाव असेल, त्यांना एक पत्र द्या: मी पुढच्या प्रक्रियेत अर्ज करणार आहे, माझी गरज अमुक आहे, नेमणुकीच्या वेळी ती विचारात घ्यावी. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी आहेत. त्यांनी तक्रारीची नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. पुढच्या वेळी अर्जाची शेवटची तारीख जाहीर झाली की मॅनेजरांना विचारायला जाऊ नका, अर्ज भरा आणि प्रत मला पाठवा. वाजवी सुविधेचा मजकूर कसा लिहायचा ते आपण बरोबर बघू.